आगाशेमास्तर आणि उणे चार गोणी

आगाशेमास्तरांच्या घरी गेल्यावर चपला कुठे काढायच्या हा प्रश्न नसे, पाय कुठे ठेवायचा हा असे.

बागबाजारच्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली आणि चिमुकलं स्वयंपाकघर. कलकत्त्याच्या जुन्या घरांत असते तशी लाल सिमेंटची जमीन, पुसून पुसून आरशासारखी झालेली. तिच्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूने आखलेल्या रेघा. पहिल्या दिवशी मी "या, या" ऐकून सरळ आत पाऊल टाकलं, तर मास्तर ओरडले, "थांबा! तुम्ही अशक्यात उभे आहात!"

मी होतो तिथेच एका पायावर थांबलो. चाळिशी उलटलेल्या, सुटलेल्या पोटाच्या गृहस्थाने एका पायावर उभं राहणं हे स्वतःच अशक्य कोटीतलं काम आहे. पण मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

"दोन पावलं डावीकडे. अजून थोडं. हां, आता शक्य क्षेत्रात आलात. बसा."

मी त्या शक्य क्षेत्रात मांडी घालून बसलो.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. आमच्या सरकारी कंपनीत दिल्लीहून एक नवे साहेब आले होते आणि यापुढे मॅनेजमेंटचे निर्णय अंदाजाने नव्हे, गणिताने घ्यायचे असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या गणिताचं नाव लिनियर प्रोग्रॅमिंग. माल किती, गोदामं किती, रेल्वेच्या वाघिणी किती, कुठे काय पाठवलं म्हणजे जास्तीत जास्त काम होईल, हे त्यातून काढायचं. सगळ्या अधिकाऱ्यांची त्यात परीक्षा होणार होती. जो नापास होईल त्याची बदली आसामातल्या नदीकाठच्या डेपोवर.

आमची नीला शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथे तिच्या इयत्तेची शाळा नव्हती. म्हणजे एकतर तिचं वर्ष जाणार, नाहीतर बाप एकीकडे आणि मायलेकी एकीकडे. आणि पोलीस आणि कॉलेजातली पोरं यांच्या चकमकींच्या त्या वर्षांत, आम्ही राहायचो त्या डमडमसारख्या ठिकाणी मायलेकींना एकटं ठेवायचा विचारसुद्धा करवत नव्हता. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे. लांब कुठेतरी धडाड असा आवाज व्हायचा आणि खिडक्या एकामागून एक बंद व्हायच्या.

"अहो, तुम्ही हे गणित करणार?" सुमती, म्हणजे आमची ही, म्हणाली. "तुम्हाला अजून दोन पिशव्यांत भाजी भरता येत नाही. टोमॅटो खाली आणि भोपळा वर!"

"बाबा, तुम्ही फेल झालात ना, तर मी आसामला जाणार नाही," नीला म्हणाली. "आगेच सांगून ठेवते." 'आगे' म्हणजे आधी. कलकत्त्यात वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं, पण धमकी कळायला काही अडचण आली नाही.

आगाशेमास्तरांचं नाव मला इथल्या मराठी मंडळात कळलं. ते कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. मंडळाच्या कार्यक्रमाला नेमाने यायचे, शेवटच्या रांगेत कडेला बसायचे आणि जेवणाची ताटं मांडायला लागली की कोणाच्या लक्षात यायच्या आत निघून जायचे. जन्म इथलाच. धोतर बंगाली पद्धतीचं, डोक्याला मात्र काळी टोपी, काखेत बारा महिने छत्री. मराठी आईकडून शिकलेलं. आई गेल्यावर ते वापरायला घरात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते कपाटातल्या शालूसारखं झालं होतं: जुनं, अस्सल आणि घडीवर जरा विरलेलं. विरलेल्या ठिकाणी बंगालीचं ठिगळ. "समजलं?" असं ते कधी विचारत नसत. "बुझलात?" म्हणत.

शिकवायची त्यांची रीत अशी. जमिनीवर दोन रेघा काटकोनात. एकीवर गोणी मोजायच्या, दुसरीवर तरट.

"ही बजबजची तागाची गिरणी. माग इतकेच आहेत, ही एक रेघ. ताग इतकाच आहे, ही दुसरी रेघ. या रेघा म्हणजे अटी. अटींच्या आतलं सगळं शक्य, बाहेरचं अशक्य. बुझलात?"

"हो."

"नाही बुझलात. तुमचा गुडघा अटीबाहेर आहे."

मग ते छत्री काढत. छत्री म्हणजे उद्दिष्ट, म्हणजे गिरणीचा नफा. ती जमिनीवर तिरकी ठेवायची आणि तिरकेपणा न बदलता पुढे पुढे सरकवत न्यायची. मास्तर गुडघ्यांवर रांगत छत्री ढकलत, मी मागून रांगत जाई. सरकत सरकत छत्री शक्य क्षेत्राच्या अगदी शेवटच्या टोकाला टेकली की मास्तर दम खात म्हणत, "हे उत्तर!" मॅनेजमेंटचे निर्णय असे रांगत घ्यायचे असतात हे दिल्लीच्या साहेबांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

एकदा त्यांनी मला एकट्यालाच गणित सोडवायला दिलं. माझ्या दोन रेघा खोलीभर कुठेच एकमेकींना भेटेनात. शेवटी पाहिलं तर त्या खाटेखाली भेटत होत्या. मी खाटेखाली शिरलो, धूळ खाल्ली आणि उत्तर घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आलो.

"तरट नऊ. गोणी उणे चार!"

मास्तरांनी टोपी काढून खाटेवर ठेवली.

"उणे चार गोणी. म्हणजे गिरणी गिऱ्हाइकाच्या घरी जाणार, त्याच्या चार गोणी हिसकावून आणणार, उसवून त्यांचा ताग करणार आणि तो ताग परत शेतात नेऊन पेरणार. बुझलात काय लिहिलंत ते, लिमयेबाबू?"

"पण मास्तर, उणे चालत नाही असं गणितात कुठे दिलं होतं?"

"कोण देणार? सगळ्यात साधी अट कोणी बोलून दाखवत नाही. जगातली कुठलीही वस्तू शून्याखाली जात नाही. ही अट न सांगता आपण लिहायची. रोज. सगळ्यांच्या आधी."

त्यांची दुसरी खोड म्हणजे, उत्तर बरोबर आलं तरी ते कधी शाबासकी देत नसत. चष्मा वर करून विचारत, "शून्य कोणाला आलं?"

"म्हणजे?"

"छत्री टोकाला गेली की कोणाच्यातरी वाट्याला शून्य येतं. कधी गोणीला, कधी एखाद्या डेपोला. गणित बरोबर असतं, पण शून्य कोणाला आलं ते पाहिल्याशिवाय सही करू नये."

तिसरी खोड चहाची. शिकवणी अर्ध्यावर आली की ते आत जाऊन एक कप चहा आणत आणि माझ्यापुढे ठेवत. "तुम्ही?" म्हटलं की ठरलेलं उत्तर: "मी नंतर घेतो. गरम चहाने गणित बिघडतं." माझा पिऊन झाला की कप आत जाई. माणूस विक्षिप्त आहे, चालायचंच, असं मी मनाशी म्हणे.

आणि गणित कुठलंही असो, गिरणीचं की वाघिणींचं, पहिली रेघ आखताना ते म्हणत, "लिमयेबाबू उजेड आहे तोवर डमडमला, ही पहिली अट." उन्हं समोरच्या गच्चीवर चढली की छत्री मिटली, शिकवणी संपली. तिढा सुटायला एक पायरी राहिली असली तरी. मग स्वतः बसथांब्यापर्यंत यायचे. मला ते जरा लहान मुलासारखं वाटे, पण मनातून बरंही वाटे. बोळाच्या तोंडाशी ओट्यावर चारपाच तरुण बसलेले असत. पहिल्या दिवशी त्यांनी मला अडवलं होतं. "कोथाय जाबेन?" म्हणजे कुठे निघालात. मी घाबरून माझ्या बंगालीत म्हणालो, "मास्टारमोशाय… गणित… आमि फेल…" त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या भेदरलेल्या माणसाला कोणी हेरगिरीला पाठवणार नाही, अशी त्यांची खात्री पटली असावी. मला वाट मिळाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून लवकर सुटून बागबाजारला पोचलो. वाघिणींचं गणित अजून हाताला बसत नव्हतं. आम्ही रांगत होतो, इतक्यात खालून शटर ओढल्याचे आवाज आले. एक, मग दुसरं, मग ओळीने सगळीच. त्यामागून दोन धडाके. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळे बोउदी म्हणत, जिन्यातून ओरडून सांगायला लागल्या, "मास्टारमोशाय, बाहेर जाऊ नका! श्यामबाजारला गोळीबार झालाय. बसगाड्या, ट्राम, सगळं बंद!"

मी उठलो. डमडमला घरी फोन नव्हता. सुमती आणि नीला खिडकीशी उभ्या असणार. मी पोचलो नाही तर दोघी काय समजतील, आणि काय करतील? सुमतीचा स्वभाव मला ठाऊक होता. ती मला शोधायला बाहेर पडली असती.

"मी चालत जातो," मी म्हणालो.

"तुम्ही?" मास्तर म्हणाले. "नाक्यावर कोणी अडवलं तर काय बोलाल? आमि फेल?"

मी चप्पल पायात घातली. त्यांनी दारात आडवी छत्री धरली.

"बसा. आज इथेच राहायचं. उद्या सकाळी रस्ता मोकळा होईल, इथूनच परीक्षेला जायचं." मग खडूचा तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "हा बघा, संपला. बोळाच्या तोंडाशी मिळेल, मी आणतो. तोवर हे वाघिणींचं सोडवा. छत्री ठेवून जातो, उद्दिष्ट तुमच्याजवळ असू दे."

आणि ते गेले. इतक्या दिवसांत छत्रीशिवाय बाहेर पडलेले मास्तर मी पहिल्यांदाच पाहिले.

मी सोडवायला बसलो, पण लक्ष सगळं जिन्याकडे. खडू आणायला असा किती वेळ लागतो? बाहेर उजेड पिवळट झाला आणि एकदम कालबैशाखी सुटली. वैशाखातलं ते वादळ आलं की कलकत्त्यात दिवसाची संध्याकाळ एका फुंकरीत होते. खिडक्यांची दारं आपटली, दिवे गेले, मग पाऊस. मी कंदील शोधायला चाचपडत स्वयंपाकघरात गेलो.

कंदील सापडला. तो लावला आणि उजेडात मला फळीवर खडूची अख्खी पेटी दिसली. फोडलीसुद्धा नव्हती.

मी ती हातात घेऊन उभा राहिलो. मग माणूस गेला कुठे?

पेटी जागेवर ठेवताना फळीवरची भांडी दिसली. एक ताट. एक वाटी. एक पेला. एक कप. मी वेड्यासारखं खालच्या कपाटात, मोरीजवळ, पिंपामागे पाहिलं. दुसरा कप नव्हता. गरम चहाने गणित बिघडत होतं ते यामुळे.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते सांगता येत नाही. जरा आवाज झाला की जिन्यात जाई. बोउदी खालून म्हणत, "अजून नाही आले?" मी म्हणे, "नाही." ओट्यावर कोणी नव्हतं. बोळात पाणी तुंबलं होतं आणि लांबून एखादी गाडी गेल्यासारखी वाटे, पोलिसांची असावी. नको ते सगळं डोळ्यांपुढे यायचं. घरी त्या दोघी माझी वाट पाहतायत, इथे मी मास्तरांची, आणि कोणी कोणाला काही कळवू शकत नाही. हात कशाततरी गुंतवायचा म्हणून मी छत्री सरकवू लागलो. कंदिलाच्या उजेडात ती एका टोकाला जाऊन टेकली. उत्तर आलं होतं. ते बरोबर असल्याचा आनंद घ्यायला मात्र कोणी नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी दारातच होतो. मास्तर भिजून निम्मे झाले होते. टोपी नव्हती. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. छातीशी मेणकापडात गुंडाळलेलं बोचकं, ते मात्र कोरडं.

"शर्ट," ते म्हणाले. "इस्त्रीचा. उद्या परीक्षा ना. आणि वहिनींनी थालीपीठं दिलीत. नीलाने निरोप दिलाय: बाबा, नीट करा, घाबरू नका. ती रडत नव्हती. म्हणजे मी पोचल्यावर नव्हती."

मला राग आला. "तुम्ही डमडमला गेलात? या गोंधळात? चालत? खडू आणतो म्हणून?"

"खडू आणलाय ना." त्यांनी खिशात हात घातला. पांढरा लगदा निघाला. "नीलानेच दिला. भिजला बेटा."

"वाटेत कोणी अडवलं नाही?"

"अडवलं की. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला पोरं. पोरं सगळी माझ्याच हाताखालून गेलेली. पास झालेल्यांनी सोडलं. नापास झालेल्यांची जरा भीती होती, पण एकाने पुलापर्यंत सोबत केली."

मी त्यांना कोरडं धोतर दिलं, चहा करून त्या एकुलत्या एका कपात पुढे ठेवला. "तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी नंतर घेतो," मी म्हणालो. "गरम चहाने गणित बिघडतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. चहा पिऊन झाल्यावर, नेहमीच्या सुरात, जमिनीवर बोटाने रेघ ओढत म्हणाले, "साधं गणित होतं, लिमयेबाबू. माणसं दोन, कामं दोन. एकाने इथे बसायचं, एकाने निरोप न्यायचा. तुम्हाला पाठवलं तर खर्च फार: परीक्षा आहे, बायको आहे, मुलगी आहे. मला पाठवलं तर खर्च शून्य. एका ओळीत सुटतं."

"स्वतःला शून्य नाही धरलात तुम्ही," मी म्हणालो. "उणे धरलात. आणि ती अट तुम्हीच शिकवलीत. न सांगता लिहायची. सगळ्यांच्या आधी."

त्यांनी बोटाने ओढलेली ती रेघ तळव्याने पुसली.

"बरोबर," ते म्हणाले. "एक मार्क कापा."

दुसऱ्या दिवशी कोरड्या, इस्त्रीच्या शर्टात मी साहेबांपुढे बसलो. गणित वाघिणींचंच होतं. थोड्या वाघिणी, चार डेपो, जास्तीत जास्त माल हलवायचा. उत्तर आलं. आणि शून्य आलं होतं नेमकं आसामातल्या त्या नदीकाठच्या डेपोला.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता."

मी उठलो नाही. का ते माहीत नाही. "सर, शून्य कोणाला आलं ते बघायला हवं. या उत्तराने पावसाळाभर त्या डेपोत काहीही पोचणार नाही. तिथे माणसं आहेत. निदान थोडं तरी पोचलंच पाहिजे, ही अट राहिली आहे."

"गणितात ती दिलेली नाही."

"काही अटी न सांगता लिहायच्या असतात, सर."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मला समोर ब्रह्मपुत्रा दिसू लागली. मग त्यांनी पेन्सिल उचलली, माझ्या कागदावर स्वतः ती अट लिहिली आणि म्हणाले, "पुन्हा सोडवा." मी पुन्हा सोडवलं. उणं काही आलं नाही.

पास झाल्याचं कळलं त्या दिवशी संध्याकाळी मी संदेश मिठाईचा खोका घेऊन बागबाजारला गेलो. निघताना सुमती म्हणाली होती, "त्यांना सांगा, दर रविवारी आपल्याकडे जेवायला यायचं. आणि 'याल का' असं विचारू नका हं. ते नाही म्हणतील. अट म्हणून सांगा."

मास्तर जमीन पुसत होते. सगळ्या रेघा गेल्या होत्या. मी पास झाल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, संदेशचा तुकडा तोंडात टाकला आणि हात खडूकडे नेला.

"आता पुढची परीक्षा कोणती?"

"पुढची नाही, मास्तर. झालं."

"हो. झालंच." खडू पुन्हा जागेवर गेला.

मी म्हणालो, "एक अट मात्र आहे. सुमतीने घातलीय. दर रविवारी दुपारी तुम्ही डमडमला, जेवायला. तुम्ही आल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, नीलासुद्धा."

ते छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले. "आणि मला उशीर झाला तर?"

"तर सगळे उपाशी."

"मग ही अट ढिली नाही," ते हळूच म्हणाले, आणि उठून आत गेले.

आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कप होते. एक जुना, माझ्या ओळखीचा. दुसरा नवा, निळ्या फुलांचा. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला, आणि लाल जमिनीवर माझ्यासमोर बसून जुना कप स्वतःच्या तोंडाला लावला.

मी आज येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. परीक्षा संपली होती, मी यायचं काही कारणही नव्हतं. तरी नवा कप आधीच आणून ठेवलेला होता. त्याच्या कानाला दुकानदाराने बांधलेली सुतळी तशीच होती. ती सोडायची राहून गेली होती.